चिरकारी अवरोधी फुप्फुसरोग

फुप्फुसांतील श्वासमार्ग कायमचे अरुंद होऊन, विशेषतः उच्छ्वासाच्या वेळी, हवेच्या प्रवाहास अडथळा निर्माण करणाऱ्या आणि सावकाश वाढत जाणाऱ्या विकारास ‘चिरकारी (दीर्घकालीन) अवरोधी फुप्फुसरोग’ असे म्हणतात. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘सी. ओ. पी. डी.’ हे संक्षिप्त नावही रूढ आहे. चिरकारी श्वासनलिकाशोथ (श्वासनलिकांची दाहयुक्त सूज) व वातस्फीती (वायुकोशांच्या भित्ती नष्ट होऊन ते फुगणे) या दोन विकृतींचा यात समावेश होतो. बहुतेक रोग्यांत त्या कमीअधिक प्रमाणात एकत्र आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात या रोगाने सु. ३५ लाख मृत्यू झाले. मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रम चौथा होता. भारतात २०१६ मध्ये सु. साडेपाच कोटी लोकांना हा रोग असावा, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक पाहणीत करण्यात आला. रोग इतका सार्वत्रिक असूनही सर्वसामान्य व्यवहारात त्याला स्वतंत्र नाव नाही. ‘दमा’, ‘धाप’, ‘जुना खोकला’ किंवा नुसते ‘म्हातारपण’ या नावांखाली तो झाकला जातो.

विकृतिविज्ञान : श्वासनाल दोन श्वासनलिकांत विभागतो आणि त्यांना पुढे असंख्य फाटे फुटून अखेरीस सूक्ष्मश्वासनलिका व वायुकोश लागतात. वायुकोशांची संख्या सु. ३० ते ५० कोटी असते. त्यांच्या पातळ भित्तींतून ऑक्सिजन रक्तात शिरतो व कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. श्वासनलिकांच्या अस्तरावर पक्ष्माभिका (केसांसारखे सूक्ष्म प्रवर्ध) असतात. त्यांच्या लयबद्ध हालचालीमुळे श्लेष्मा (चिकट स्राव) व त्यात अडकलेली धूळ घशाकडे ढकलली जाते.

धुरातील सूक्ष्म कण व क्षोभक वायू वर्षानुवर्षे आत जात राहिले, तर पक्ष्माभिका निकामी होतात, श्लेष्म ग्रंथींची वाढ होते व स्राव साचू लागतो. सूक्ष्मश्वासनलिकांच्या भित्ती सुजून जाड होतात आणि त्यांत तंतुमय ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) निर्माण होते. धुराने आकर्षित झालेल्या श्वेत कोशिकांतून प्रथिनविघटक एंझाइमे बाहेर पडून वायुकोशांच्या लवचिक भित्ती नष्ट करतात. या भित्ती तंबूच्या ताणदोऱ्यांप्रमाणे सूक्ष्मश्वासनलिकांना सभोवार ताणून उघड्या ठेवीत असतात. तो आधार गेला की, उच्छ्वासाच्या वेळी नलिका मिटतात व हवा आत कोंडली जाते. फुप्फुसे अगोदरच हवेने भरलेली असल्याने रोग्यास नवा श्वास पुरेसा घेता येत नाही. त्याची तक्रार श्वास आत जात नाही अशी असली, तरी मूळ दोष हवा बाहेर न पडण्याचा असतो.

इतिहास : आयुर्वेदात श्वासरोगाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास व क्षुद्रश्वास असे पाच प्रकार वर्णिलेले आहेत. स्टेथॉस्कोपचे जनक फ्रेंच वैद्य लेनेक (१७८१–१८२६) यांनी १८१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शवविच्छेदनाच्या आधारे वातस्फीतीचे वर्णन केले. १८४६ मध्ये इंग्लंडमधील जॉन हचिन्सन यांनी श्वसनमापक हे उपकरण वापरून फुप्फुसांची धारकता मोजण्याची पद्धत मांडली. सोडलेल्या हवेच्या एकूण घनफळाबरोबरच ती किती वेगाने बाहेर पडते हेही मोजावे, ही कल्पना १९४७ मध्ये फ्रान्समधील तिफनो व पिनेली यांनी पुढे आणली. आजचे निदान तिच्यावरच आधारलेले आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर काही दिवस दाट धूरमिश्रित धुके साचून राहिले व त्या काळात सु. ४,००० अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज तेव्हा करण्यात आला. मृतांत जुन्या श्वासनलिकाशोथाचे अनेक रोगी होते. या घटनेनंतर हवेचे प्रदूषण व फुप्फुसरोग यांचा संबंध गांभीर्याने अभ्यासला जाऊ लागला.

भारतात १९५९ मध्ये एस्. पद्मावती व सहकाऱ्यांनी दिल्लीतील फुप्फुसजन्य हृद्‌विकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांतही हा विकार आढळत असल्याचे त्यात दिसून आले आणि चुलीच्या धुराकडे लक्ष वेधले गेले. १९८३ मध्ये गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या नाकाजवळील हवेतील कण मोजण्यात आले, तेव्हा त्यांचे प्रमाण कारखानी शहरांतील हवेपेक्षाही कितीतरी अधिक आढळले. २००९ मध्ये पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन जगातील २५ ते ४५ टक्के रोग्यांनी कधीच धूम्रपान केलेले नसते, असा निष्कर्ष मांडला. हा केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग आहे, ही समजूत यामुळे मागे पडली.

कारणे : तंबाखूचे धूम्रपान हे सर्वांत परिचित कारण होय. विडी वारंवार ओढत राहिली नाही, तर विझते. त्यामुळे ओढणारा अधिक व खोल झुरके घेतो आणि आकाराने लहान असूनही ती सिगारेटपेक्षा निरुपद्रवी ठरत नाही. लाकूड, शेणी, काटक्या, पालापाचोळा इ. जैव इंधनांचा धूर हे दुसरे प्रमुख कारण आहे. यांशिवाय खाणी, दगडफोड, कापूस, धान्य यांची धूळ, रासायनिक वाफा, शहरांतील प्रदूषित हवा, बालपणी वारंवार झालेली श्वसनमार्गाची संक्रामणे, जन्मतः कमी वजन व अपुरी वाढलेली फुप्फुसे, दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेला दमा आणि बरा झालेला परंतु फुप्फुसांत व्रण ठेवून गेलेला क्षयरोग हीही कारणे आहेत. आल्फा-१ अँटिट्रिप्सीन या प्रथिनाच्या आनुवंशिक न्यूनतेमुळे तरुण वयातच वातस्फीती होते, हे १९६३ मध्ये स्वीडनमधील लॉरेल व एरिकसन यांनी दाखविले. हा प्रकार विरळा आहे.

महाड–पोलादपूर भागातील परिस्थिती : ही कारणे प्रत्यक्ष जीवनात कशी एकत्र येतात, याचे उदाहरण म्हणून रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर हे तालुके घेता येतील. महाडहून रायगड किल्ल्याकडे जाणाऱ्या मार्गावरील नाते व त्यासभोवतालच्या डोंगरउतारांवरील वाड्या येथे भात हे मुख्य पीक आहे. वरकस जमिनीत नाचणी व वरी घेतात. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश अतिपर्जन्याचा आहे. सरपण उन्हाळ्यात साठवून ठेवले, तरी पावसाळ्यात ते दमट होते. दमट लाकूड नीट पेटत नाही व अर्धवट ज्वलनामुळे धूर अधिक होतो. पावसामुळे दारे-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. जुन्या कौलारू घरांत धुराडे नसल्यास धूर कौलांच्या फटींतूनच काय तो बाहेर पडतो. चूल पेटती ठेवण्यासाठी स्त्रीला वारंवार फुंकणी फुंकावी लागते आणि प्रत्येक फुंकेनंतरचा खोल श्वास तिला चुलीच्या तोंडाशी, दाट धुरातच घ्यावा लागतो. आईच्या पाठीवर किंवा मांडीवर असलेल्या मुलाच्या वाढत्या फुप्फुसांनाही त्याचा वाटा मिळतो.

उन्हाळ्याच्या अखेरीस राब भाजणे हे या भागातील शेतीचे ठराविक काम आहे. भाताचे रोप ज्या जागी तयार करावयाचे, तेथे तोडलेल्या फांद्या (कवळ), पालापाचोळा, गवत व शेण पसरून ते जाळतात. हा धूर उघड्यावरचा व थोड्या दिवसांचा असला, तरी अगोदरच फुप्फुसरोग असलेल्यास तो त्रासदायक ठरतो. मशेरी भाजताना निघणाऱ्या तंबाखूच्या धुराचीही यात भर पडते.

पुरुषांच्या बाबतीत व्यवसायाचा विचार करावा लागतो. कोकणातील इतर तालुक्यांप्रमाणे येथूनही पुरुष मोठ्या संख्येने मुंबईस जात आणि त्यांतील अनेक जण कापडगिरण्यांत काम करीत. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगात (बिसिनोसिस) सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते व पुढे कायमचा अवरोध उत्पन्न होऊ शकतो. १९८२ च्या संपानंतर अनेक कामगार गावी परतले. त्यांच्यापैकी कोणास उतारवयात धाप लागू लागली, तर तिचे मूळ तरुणपणी गिरणीत घेतलेल्या श्वासांत असू शकते. म्हणून रोग्याचा आजचा व्यवसाय विचारून भागत नाही, पूर्वीचाही विचारावा लागतो.

लक्षणे : रोगाची सुरुवात बहुधा चाळिशीनंतर होते. सकाळचा खोकला व कफ ही पहिली लक्षणे होत. लागोपाठ दोन वर्षे, प्रत्येक वर्षी किमान तीन महिने, कफयुक्त खोकला राहिल्यास व त्यास दुसरे कारण नसल्यास चिरकारी श्वासनलिकाशोथ समजतात. त्यानंतर श्रमाच्या वेळी धाप लागू लागते. प्रथम ती फक्त चढावर जाणवते. पुढे सपाटीवरही रोगी बरोबरीच्या माणसांच्या मागे पडतो. त्यानंतर शंभर मीटर चालताच थांबावे लागते आणि अखेरीस अंगातील कपडे बदलतानाही श्वास पुरत नाही. या पायऱ्यांवरूनच धापेची प्रतवारी करतात.

ही वाढ इतकी मंद असते की, रोगी नकळत आपले आयुष्य तिच्याशी जुळवून घेतो. डोक्यावर भारा घेऊन वाडीवर चढणारी स्त्री आधी वाटेत एकदा टेकते, नंतर दोनदा टेकते, पुढे भारा सुनेकडे देते व शेवटी घराबाहेर पडणेच कमी करते. प्रत्येक टप्प्यावर ‘आता वय झाले’ हे स्पष्टीकरण तयार असते. तक्रार घेऊन ती वैद्याकडे येते, तेव्हा फुप्फुसांची निम्म्याहून अधिक कार्यक्षमता गेलेली असू शकते. प्रगत अवस्थेत छाती पिंपासारखी गोल होते. मानेचे स्नायू ताणले जातात, ओठ आवळून श्वास सोडला जातो, वजन घटते व ओठ-नखे निळसर दिसतात. फुप्फुसातील रक्तदाब वाढून हृदयाच्या उजव्या भागावर ताण पडला म्हणजे पायांवर सूज येते.

निदान : वय, दीर्घकालीन खोकला किंवा धाप आणि धूर वा धुळीशी आलेला संबंध यांवरून रोगाची शंका घेतात. स्त्रीरोग्यास ‘विडी ओढता काय’ एवढेच विचारून थांबल्यास निदान हमखास चुकते. चुलीजवळ रोज किती तास व किती वर्षे, हे विचारणे आवश्यक आहे. या दोन आकड्यांचा गुणाकार धुराच्या एकूण माऱ्याचे स्थूल माप म्हणून वापरतात. उदा., रोज ४ तास याप्रमाणे ३० वर्षे स्वयंपाक केल्यास ते माप १२० होते.

निश्चित निदान श्वसनमापकानेच होते. रोगी पूर्ण श्वास घेऊन तो नळीतून शक्य तितक्या जोराने व शेवटपर्यंत सोडतो. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आणि एकूण सोडलेली हवा यांचे गुणोत्तर काढतात. साल्ब्युटामॉलासारखे श्वासनलिका-विस्तारक औषध श्वासावाटे देऊन सु. १५ मिनिटांनी चाचणी केल्यावरही हे गुणोत्तर ०·७० पेक्षा कमी राहिले, तर कायमचा अवरोध आहे असे समजतात. उदा., एखाद्या स्त्रीने एकूण २ लि. हवा सोडली व त्यांपैकी पहिल्या सेकंदात फक्त १ लि. बाहेर पडली, तर गुणोत्तर ०·५० म्हणजे स्पष्टपणे कमी होय. पहिल्या सेकंदातील घनफळ हे वय, लिंग व उंची यांवरून अपेक्षित असलेल्या घनफळाच्या ८० टक्के किंवा अधिक असल्यास रोग सौम्य मानतात. ५० ते ७९ टक्के असल्यास तो मध्यम, ३० ते ४९ टक्के असल्यास तीव्र व ३० टक्क्यांहून कमी असल्यास अतितीव्र मानतात. प्राथमिक अवस्थेत स्टेथॉस्कोपने काहीही विशेष ऐकू येत नाही व क्ष-किरण चित्रही प्राकृत (सर्वसाधारण) असू शकते. म्हणून या दोहोंवरून रोग नाही असे म्हणता येत नाही. क्ष-किरण चित्राचा मुख्य उपयोग क्षयरोग, कर्करोग, हृद्‌विकार इ. वगळण्यासाठी होतो.

खेडेगावांत श्वसनमापक सहसा उपलब्ध नसतो. अशा ठिकाणी दोन साध्या कसोट्या उपयोगी पडतात. श्वासनालावर स्टेथॉस्कोप ठेवून रोग्यास जोराने पूर्ण श्वास सोडावयास सांगावे. त्यास सहा सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास अवरोधाची शंका बळावते. दुसरी कसोटी म्हणजे तोंड उघडे ठेवून, ओठांचा चंबू न करता, सु. १५ सेंमी. अंतरावरील जळती काडी विझविणे. तीव्र अवरोध असलेल्यास हे जमत नाही. या कसोट्या निदानाची जागा घेऊ शकत नाहीत. मोठ्या रुग्णालयात कोणास पाठवावे हे मात्र त्या सांगतात.

दमा या रोगापासून वेगळेपण ओळखणे महत्त्वाचे आहे. दमा बहुधा लहान वा तरुण वयात सुरू होतो. त्यात झटक्यांच्या मध्ये रोगी ठीक असतो, अधिहर्षतेचा (ॲलर्जीचा) किंवा कौटुंबिक इतिहास असतो व औषधाने अवरोध बव्हंशी नाहीसा होतो. अवरोधी फुप्फुसरोगात धाप रोजची असते व औषधानंतरही अवरोध शिल्लक राहतो. काही रोग्यांत दोन्ही एकत्र असतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास क्षयरोगासाठी थुंकी तपासणे अवश्य आहे. परंतु थुंकीत जंतू नसताना केवळ खोकला व जुने व्रण यांवरून क्षयरोगाची औषधे पुनःपुन्हा दिली जाऊन मूळ रोग तसाच राहतो, असेही घडते.

उपचार : नष्ट झालेले वायुकोश कोणत्याही औषधाने परत येत नाहीत. तथापि यावरून रोगावर उपाय नाही असे समजणे चूक आहे. फ्लेचर व पीटो यांनी लंडनमधील कामगारांची वर्षानुवर्षे तपासणी करून १९७७ मध्ये दाखवून दिले की, पहिल्या सेकंदातील घनफळ वयानुसार सर्वांचेच घटते, परंतु धूम्रपानाने बाधित होणाऱ्यांत ते कितीतरी वेगाने घटते. धूम्रपान सोडल्यावर गेलेले परत येत नसले, तरी पुढील घट जवळजवळ इतरांइतकीच मंद होते. चुलीच्या धुराबाबतही असेच दिसून येते. दक्षिण चीनमधील खेड्यांत इंधन व स्वयंपाकघरातील वायुवीजन सुधारल्यावर नऊ वर्षांच्या पाहणीत फुप्फुसांच्या कार्यक्षमतेची घट मंदावल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून धुरापासून दूर होणे हा पहिला उपचार होय आणि तो कोणत्याही वयात उशिराचा ठरत नाही.

औषधांत श्वासनलिका-विस्तारक प्रमुख आहेत. साल्ब्युटामॉल व इप्राट्रोपियम यांचा परिणाम काही तास टिकतो. टायोट्रोपियम, फॉर्मोटेरॉल, साल्मेटेरॉल, इंडाकॅटेरॉल इ. दीर्घकाल परिणाम करणारी असून नियमित उपचारासाठी ती वापरतात. ती श्वासावाटेच घेणे हितावह असते. त्यायोगे अत्यल्प, मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाणारी मात्रा थेट श्वासनलिकांत पोहोचते. ‘पंपाची सवय लागते’ किंवा ‘पंप हा शेवटचा उपाय आहे’ हे समज निराधार आहेत. उलट, तात्पुरत्या आरामासाठी वारंवार घेतलेली स्टेरॉइडाची अंतःक्षेपणे (इंजेक्शने) व गोळ्या यांमुळे मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा, मोतीबिंदू व स्नायुदौर्बल्य हे दुष्परिणाम उद्‌भवतात. थिओफायलीन स्वस्त असले, तरी त्याची उपयुक्त व विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते. श्वासावाटे घ्यावयाची स्टेरॉइडे सर्वांना लागत नाहीत. ज्यांना वारंवार तीव्र झटके येतात व ज्यांच्या रक्तात इओसिनरागी (इओसीन या रंजकाने रंगणाऱ्या) श्वेत कोशिका वाढलेल्या असतात, त्यांनाच ती प्राधान्याने देतात, कारण त्यांमुळे न्यूमोनियाचा धोका काहीसा वाढतो. २०२४ मध्ये ड्यूपिलुमॅब हे प्रतिपिंडरूप औषध अशाच निवडक रोग्यांसाठी काही देशांत संमत झाले.

औषधांइतकेच महत्त्व फुप्फुस-पुनर्वसनास आहे. नियमित व हळूहळू वाढवीत नेलेले चालणे, हातापायांचे व्यायाम, ओठ आवळून सावकाश श्वास सोडण्याचे शिक्षण आणि पुरेसा प्रथिनयुक्त आहार यांनी धाप कमी होते व रोगी पुन्हा कामास लागू शकतो. यासाठी महागडी साधने लागत नाहीत. विश्रांती घेत बसून राहिल्याने मात्र स्नायू दुबळे होऊन धाप वाढते. रक्तातील ऑक्सिजन कायम फार कमी (धमनी रक्तात ५५ मिमी. पारा किंवा त्याहून कमी दाब) असणाऱ्यांना रोज किमान १५ तास ऑक्सिजन दिल्यास आयुष्य वाढते, हे १९८० व १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील व ब्रिटनमधील चाचण्यांनी सिद्ध केले. निवडक रोग्यांत फुप्फुसाचा फुगलेला भाग शस्त्रक्रियेने कमी करतात किंवा फुप्फुसाचे प्रतिरोपण करतात.

तीव्र उद्रेक : सर्दी, संक्रामण किंवा प्रदूषण यांमुळे धाप, खोकला व कफ एकाएकी वाढतात, त्यास तीव्र उद्रेक म्हणतात. प्रत्येक उद्रेकानंतर प्रकृती थोडी खालच्या पायरीवर येते. विस्तारक औषधांच्या मात्रा वाढविणे, सु. पाच दिवस तोंडाने स्टेरॉइड देणे व कफ पूयुक्त झाल्यास प्रतिजैविके देणे, असे उपचार करतात. ऑक्सिजन बेताने, रक्तातील संपृक्तता ८८ ते ९२ टक्के राहील इतकाच देतात. अनिर्बंध दिल्यास रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढून रोगी गुंगीत जाऊ शकतो. गुंगी, बोलता न येण्याइतकी धाप अथवा ओठ निळे पडणे ही लक्षणे दिसल्यास रुग्णालयात हलविणे निकडीचे असते. पावसाळ्यात ओढे-नद्यांना पूर येऊन वा दरड कोसळून वाड्यांचा संपर्क तुटतो, अशा भागात रोग्याने औषधांचा साठा आधीच करून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

प्रतिबंध : धूम्रपान न करणे, सोडणे व दुसऱ्याचा धूर टाळणे हे मुख्य उपाय होत. भारतात २००३ च्या कायद्यान्वये तंबाखूवर नियंत्रणे आली व २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम लागू झाले. स्वच्छ इंधनासाठी २०१६ मध्ये प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू होऊन खेड्यापाड्यांतील घरांत गॅसची शेगडी पोहोचली. मात्र शेगडी आली म्हणजे चूल गेली असे होत नाही. सिलिंडर भरून आणण्याचा खर्च व अंतर, भाकरीची चव आणि आंघोळीचे पाणी तापविण्याची गरज यांमुळे अनेक घरांत दोन्ही चालू राहतात. चूल सर्वस्वी टाळता येत नसेल, तर ती उघड्या पडवीत नेणे, धुराडे बसविणे, लाकूड वाळवून झाकून ठेवणे, पाणी तापविण्यासाठी सौर उष्णकाचा वापर करणे आणि मुलांना स्वयंपाकाच्या वेळी दूर ठेवणे, एवढ्यानेही धुराचा मारा घटतो. फ्ल्यू व न्यूमोनिया-प्रतिबंधक लशींमुळे उद्रेक कमी होतात.

पूर्वानुमान : रोग लवकर ओळखला जाऊन धुराचा संबंध तुटल्यास रोगी अनेक वर्षे उपयुक्त जीवन जगू शकतो. अपेक्षित घनफळाच्या ३० टक्क्यांहून कमी कार्यक्षमता, वारंवार होणारे उद्रेक, घटते वजन व हृदयाच्या उजव्या भागाची दुर्बलता ही प्रतिकूल चिन्हे होत. चाळिशी ओलांडलेल्या व चुलीपुढे आयुष्य घालविलेल्या स्त्रीची धाप वयामुळे आहे असे गृहीत न धरता एकदा तरी श्वसनमापकाने तपासून घेणे, हे या रोगाचे बळी कमी करण्याच्या मार्गातील सर्वांत सोपे व सर्वांत दुर्लक्षित पाऊल आहे.